नडगीवरचा खळगा

असाबेने लेकीच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. ती वाट बघत बसली. बाहेर अंगणात कुणीतरी उखळात बाजरी कांडत होतं. मुसळाचे बरेच घाव पडून गेले, तेव्हा कुठे तो खळगा हळूहळू भरत आला.

“दुखतं का गं?”

“नाही, आई.” थोरलीने पाय कापडाखाली ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

थोरली म्हणजे असाबेची पहिली मुलगी. तिला नाव होतं, मशिदीतल्या मालम गुरुजींनी रीतसर ठेवलेलं चांगलं नाव. पण असाबेने ते आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. तुडुन कुका या गावात पहिल्या लेकराचं नाव आईच्या तोंडून येत नाही. लाज असते ती. पहिल्याला चारचौघांत मांडीवर घ्यायचं नाही, त्याचं कौतुक करायचं नाही, हाक मारायची तर “अगं”, “ए पोरी”, “थोरले”. धाकट्यांना हवं तेवढं कुरवाळा, त्यांची नावं गावभर ओरडा, कुणी काही म्हणत नाही. पहिल्यावर जीव सगळ्यांत जास्त असतो म्हणूनच ही लाज, असं म्हाताऱ्या सांगत. असाबेला ते कुणी सांगायची गरज नव्हती. धाकट्या मुली सासरी सुखात होत्या आणि त्यांची आठवण तिला अधूनमधून यायची. थोरलीची रोज यायची.

पहिल्या बाळंतपणाला थोरली माहेरी आली, मुलगा झाला, सातव्या दिवशी जावयाकडून मेंढा आला, बाळाचं नाव ठेवलं गेलं. तोवर सगळं कसं रीतीला धरून चाललं होतं. आणि आता हा खळगा.

“आत्या, हिचे पाय जरा बघता का?” असाबेने संध्याकाळी कांडे आत्याला विचारलं.

कांडे आत्या गावाची सुईण. असाबेच्या वडिलांची ती लांबची बहीण, पण आत्या मात्र अख्ख्या गावाची. चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं काम तिचं. कडुनिंबाच्या डहाळ्या वाफाळत्या पाण्यात बुडवायच्या आणि पाठीवर, पोटावर, मांड्यांवर सपासप मारायच्या. बाळंतीण किंचाळली तर कांडे आत्या खूश व्हायची, गार पळालं म्हणून. न्हाणं झालं की मातीच्या ओट्यावर निजवायचं, ओट्याच्या पोटात आगटी पेटवायची, आणि खाराची पेज पाजायची. याखेरीज बाळंतपण म्हणजे तुडुन कुकात अर्धवट काम.

आत्याने पाय बघितले आणि फिस्सकन हसली. “सुजलेत कुठं? भरलेत. तुझं अन्न अंगी लागलंय पोरीच्या. ती हवसाची सून बघितलीस ना, चाळीस दिवसांनी बाहेर आली ती काडीची काडीच. लोकांनी तिच्या आईच्या तोंडात शेण घातलं. तुझी लेक अशी गुबगुबीत झालीय आणि तू रडतेस? बाळंतीण ही आहे का तू?”

शेजारच्या बायकाही तेच म्हणत होत्या. येता-जाता खोलीत डोकावून म्हणत, वा, काय भरलीय, गाल बघा. असाबेने मान डोलावली. त्यांच्यावर विश्वास ठेवायला तिला फार आवडलं असतं.

पेज ती स्वतः करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. त्याला कारण होतं. असाबेचा धंदाच खाराचा. दूर बोर्नूच्या तळ्यांकाठी जमणारा तो खार, म्हणजे कंवा, पांढरा आणि तांबूस, ट्रकमधून पोत्यांनी यायचा, आणि बाजाराच्या दिवशी ती तो गोणपाटावर ढीग करून विकायची. चवळी शिजायला घाला, गुरांना चाटायला द्या, तंबाखूत घाला. पण खरा मान बाळंतिणीच्या पेजेतल्या खड्याला. खाराने दूध येतं, खाराने अंगातलं गार निघतं. गावातल्या निम्म्या बाळंतिणींच्या पेजेत असाबेच्या गोणपाटावरचाच खडा असायचा. स्वतःच्या लेकीसाठी तिने तिच्या मते सगळ्यांत चांगला खार वेगळा काढून मडक्यात भरून ठेवला होता. लेकीचे दिवस मोजत मोजत भरलेलं मडकं होतं ते.

पावसाळ्याचे दिवस होते. हवा अशी दमट की कोपऱ्यातल्या त्या मडक्याला बाहेरून ओल यायची. खार हवेतलं पाणी ओढून घेतो हे असाबेला लहानपणापासून ठाऊक. पोत्याखाली फळी टाकली नाही तर सकाळी जमीन भिजलेली असते, आणि पोतं आदल्या दिवसापेक्षा जड लागतं. ती रोज मडक्याची ओल फडक्याने पुसायची, त्यातला खडा फोडायची आणि पेजेत विरघळवायची.

पुढच्या आठवड्यात थोरलीच्या पायातलं चांदीचं कडं रुतायला लागलं. साबण लावून ते काढावं लागलं. सूज गुडघ्यावर आली, मग मांड्यांवर. कमरेच्या मण्यांची माळ तुटली आणि मणी ओट्याखाली सांडले. बाळंतीण भरते ती गालांत, दंडांत. ही खालून वर भरत होती.

त्याहून वाईट म्हणजे थोरलीला आडवं होता येईना. निजवलं की ती धडपडून उठायची, भिंतीला पाठ टेकून बसायची, आणि तशीच बसून डोळे मिटायची. तिच्या श्वासात बारीक कुरकुर ऐकू यायची. गळ्याच्या बाजूला एक शीर फुगून थडथड उडत असायची. बाळाला पाजता पाजता ती मध्येच त्याला बाजूला करायची आणि तोंड उघडून हवा ओढायची.

“आई, थोडं गार पाणी दे ना.”

“गार पाणी? डोकं फिरलंय का तुझं?”

“घसा सुकलाय. फक्त ओठ ओले करते.”

“पेज घे. गरम गरम घे. बरं वाटेल.”

थोरलीने वाटी घेतली. ती आईला कधी नाही म्हणाली नव्हती. आईपुढे मान वर करून बोलणंही तिला जड जायचं. ती मुकाट्याने प्यायली, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाणी मागितलं. अंग सगळं पाण्याने टम्म फुगलंय आणि घसा कोरडा, हे कसलं दुखणं, असाबेला कळेना.

कांडे आत्याने मात्र आता नाव दिलं. “गार शिरलंय. पायातून चढतंय वर. छातीत पोचायच्या आत जाळून काढलं पाहिजे. लाकडं वाढव. खारही वाढव, हात आखडू नकोस.”

गार म्हटल्यावर असाबेचं धाबंच दणाणलं. तिची मोठी बहीण लामी गाराने गेली होती. पहिलंच बाळंतपण, पाय सुजले, पोट सुजलं, आणि चाळीस दिवसांची चाळिशी पुरी व्हायच्या आत एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या गेली. असाबे तेव्हा परकर सांभाळत लाकडं गोळा करायच्या वयाची. एका संध्याकाळी लाकडं ओली निघाली, पाणी नीट तापलं नाही, लामीला कोमट पाण्याने न्हाऊ घालावं लागलं. त्या एका न्हाण्यात गार शिरलं, असं सगळे म्हणाले. लाकडं आणणारीकडे कुणी बोट दाखवलं नाही, पण असाबेला न दाखवताच कळलं होतं. म्हणून थोरलीच्या बाळंतपणाची लाकडं तिने पाऊस सुरू व्हायच्या कितीतरी आधी फोडून, वाळवून, छपराखाली रचून ठेवली होती. या वेळी कसलीच कसर राहू द्यायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

तिने आगटी वाढवली. पेजेत खार दुप्पट केला. पेज इतकी खारट झाली की थोरलीला ओकारी आली, तरी तिने ती गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्हाण्यात ते झालं. कांडे आत्याने पहिली डहाळी मारली आणि थोरली किंचाळली नाही. दुसरी मारली. थोरली नुसती खोकली. खोकता खोकता तिच्या ओठांवर फेस आला, साबणासारखा, आणि त्यात गुलाबी छटा होती. तिने आईचा हात धरला, सगळ्यांसमोर धरला, जो तिने लहानपणापासून कधी धरला नव्हता.

“आई, पाणी वर आलंय,” ती म्हणाली. “आतून. बुडतेय मी.”

डहाळीचं पाणी कांडे आत्याच्या पायांवर ठिबकत होतं. “उचला हिला, ओट्यावर न्या. आगटी फुंका.”

असाबे उठली. तिला काही सुचलं होतं असं नाही. ‘बुडतेय’ हा शब्द मात्र तिच्या डोक्यात अडकून बसला, आणि बुडणाऱ्याला कुणी शेक देत नाही एवढंच तिला दिसलं.

“आत्या, झारियाला नेते हिला. मोठ्या दवाखान्यात.”

“चाळिशीच्या आत? उघड्या वाऱ्यात?” कांडे आत्या खरोखर घाबरली. तिच्या हातातली डहाळी खाली पडली. “अगं, वाटेतच मरेल. लामीचं विसरलीस?”

“विसरले असते तर बरं झालं असतं,” असाबे म्हणाली आणि डोक्यावर ओढणी घेऊन बाहेर पडली.

जावई नुहू मोटरसायकलवर भाडी मारायचा. चौकातल्या झाडाखाली सगळे चालक बसलेले असायचे, तिथे तो असणार. सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत. वाटेत दिसलेच तर एकाने वळण घ्यायचं असतं. असाबे सरळ त्या घोळक्यात शिरली. पोरांचं हसणं थांबलं. नुहूने तिला बघितलं आणि सवयीने मान खाली घालून निघून जायला उठला.

“थांब,” असाबे म्हणाली. “तुझी बायको मरतेय. गाडी बघ.”

तो तसाच रस्त्याकडे धावला. जुनी प्युजो टॅक्सी मिळाली, शेजारणीने घरी सांभाळायला बाळाला पाठीशी बांधून घेतलं, आणि थोरलीला असाबेने आणि नुहूने उचलून मागच्या सीटवर निजवलं. आजारी माणसाला निजवूनच न्यायचं असतं, असं सगळ्यांचं मत. गाडी गावाबाहेर पडली तोच तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले. डोळे वर गेले. घशातून गुळणी केल्यासारखा आवाज येऊ लागला.

असाबेने तिला काखेत हात घालून उठवलं, स्वतः तिच्या पाठीमागे सरकली, आणि तिला छातीशी टेकवून बसवलं. पाय खाली सोडायला लावले. आवाज थोडा कमी झाला. मग त्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने तिने लेकीला तसंच धरून ठेवलं. इतकी वर्षं जिला कुणासमोर कवेत घेतलं नव्हतं ती आता पूर्ण कवेत होती, जड, गरम, ओलीचिंब, आणि प्रत्येक श्वासाला आतून बुडबुडत होती. हाक मार तिला, असाबे स्वतःला म्हणत होती. नावाने हाक मार, निदान जायच्या आधी एकदा ऐकेल. नाव ओठांपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. पुढे नुहू बसला होता, शेजारी परका ड्रायव्हर. भीतीने जीव अर्धा झाला तरी लाज काही हटेना, आणि त्याचा तिला असा संताप आला की तिने स्वतःचाच ओठ चावला.

दवाखान्यात दारातच एक नर्स भेटली, सिस्टर रिफकातू, कपाळाला आठी आणि पायात रबरी चपला. तिने थोरलीला एकदा बघितलं आणि हाका मारून चाकांची खुर्ची मागवली. नाकाला नळी लागली, दंडात सुई गेली.

“नाव काय पेशंटचं?”

असाबेने ओढणी कपाळावर ओढून घेतली.

“मावशी, नाव विचारतेय मी. मुलगी आहे ना तुमची?”

“थोरली आहे,” असाबे म्हणाली.

सिस्टरने पेन थांबवलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं असावं. “थोरली. बरं. बाकी कुणी आहे का सांगणारं?”

नुहू जमिनीकडे बघत म्हणाला, “बिल्किसू.”

असाबेने ते नाव ऐकलं आणि तिला उगाचच त्या पोराचा हेवा वाटला.

सुईतलं औषध लघवी सुटायचं होतं. सिस्टरने खाटेखाली एनॅमलचं घमेलं ठेवलं आणि मग असाबेला बाजूच्या बाकावर बसवलं. न्हाणं किती वेळा, ओटा किती गरम, खायला काय, असं सगळं तिने विचारलं. असाबेने सगळं सांगितलं, पेजेचं तर जरा अभिमानानेच सांगितलं, कारण बाळंतपणात कसर ठेवली असं या बाईला वाटू नये. खार किती, तर मूठभर. आदल्या दिवशी तर त्याच्या दुप्पट.

“मावशी, मडक्यातला तुमचा खार पावसाळ्यात काय करतो?”

“पाणी सुटतं त्याला. हवेतलं ओढतो.”

“अंगातही तेच करतो. माणसाच्या अंगात पाणी भरपूर असतं, पण त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मांसाच्या बारीक कणाकणांच्या आत, शिरांमधल्या रक्तात, आणि या दोन्हींच्या मधल्या फटींत. खार जिथे साचेल तिथे पाणी धरून बसतो. तुम्ही पोटातून जो खार घालत गेलात तो रक्तात आणि त्या फटींत साठला. त्याने पाणी ओढलं. फटी भरल्या, म्हणून पाय सुजले. अंगठा दाबला की ते पाणी बाजूला सरतं, मग सावकाश परत येतं.”

“आणि तिला तहान का लागायची?”

“खार पाणी मागतो. फुगलेल्या माणसालाही तहान लावतो. त्यात रक्त वाढलं, ते सगळं ढकलायचं काम काळजाचं. तिचं काळीज बाळंतपणात दमलंय. का दमलं ते डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत, काही बायकांचं दमतं. पण दमलेल्या काळजावर खार आणि शेक म्हणजे ओझ्यावर ओझं. मग रक्त मागे तुंबलं आणि पाणी फुफ्फुसात पाझरलं. ती बुडतेय म्हणाली ना, ते खरंच होतं.”

“मग गार?”

“गार नव्हतं, मावशी. पेज कोण करायचं?”

“मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.”

सिस्टर रागावली नाही. ती फक्त उठून नळी तपासायला गेली. रागावली असती तर असाबेला बरं वाटलं असतं. बाकावर एकटी बसल्यावर तिला लामी आठवली, आणि त्याबरोबर अशी एक गोष्ट आठवली जी तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण तिचा अर्थच लागत नव्हता. लाकडं ओली निघाली होती त्या संध्याकाळी ओटाही पेटला नव्हता आणि पेजही झाली नव्हती. आणि त्या संध्याकाळी लामी म्हणाली होती, आज जरा बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून राहून गेलेलं भरून काढलं होतं. दुप्पट. असाबे बाकाची कड धरून बसून राहिली. गावातल्या सुजलेल्या बाळंतिणींचे चेहरे तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागले, ज्यांना गार लागलं होतं त्या सगळ्यांचे. त्यांचा खार कुणाच्या गोणपाटावरून गेला होता, ते तिला माहीत होतं.

दिवस मावळेपर्यंत घमेलं भरलं, रिकामं झालं, परत भरलं. थोरलीचा श्वास सुटा झाला. पण रात्री परत कुरकुर सुरू झाली, परत सुई टोचली, आणि पहाटेपर्यंत काही खरं नव्हतं. असाबे तिच्या उशाशी बसून राहिली आणि तिची छाती वर येते का एवढंच बघत राहिली.

सकाळी ती घमेलं धुवायला मागच्या अंगणात गेली. आदल्या दिवशी तिने तिथे दुसरं एक घमेलं घाईत तसंच उन्हात ठेवलं होतं. त्यात राहिलेलं थेंबभर पाणी आटलं होतं आणि कडेला पांढुरकी खरबरीत रेघ उठली होती. तळ्याकाठी सुकणाऱ्या खाराची कड अशीच दिसते. असाबेने ती नखाने खरवडली नाही. तिने वरून पाणी ओतलं आणि ते वाहून जाईपर्यंत तिथे उभी राहिली.

पुढच्या काही दिवसांत थोरलीच्या पायाच्या घोट्याची हाडं परत दिसायला लागली. असाबेला ती हाडं इतकी सुंदर वाटली की ती रोज कापड सारून बघायची, आणि थोरली लाजून पाय ओढून घ्यायची. घरी सोडताना सिस्टर रिफकातूने गोळ्या दिल्या आणि बजावलं. काळीज अजून कच्चं आहे. कढत न्हाणं नाही, ओटा नाही, खार तर एक खडाही नाही. पाणी पुन्हा चढलं तर दर वेळी झारियापर्यंत वेळ मिळेलच असं नाही.

चाळिशी अजून संपायची होती. कांडे आत्या दारात आली, तर असाबेने हात जोडून सांगितलं की डॉक्टरांनी मना केलंय. आत्या आल्या पावली परत गेली. पण ती रोज येऊन बसायला लागली, थोरलीच्या थंड ओट्याकडे बघायची, आणि तिच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी असायची. हीच म्हातारी असाबेच्या सगळ्या बाळंतपणांना रात्र-रात्र जागली होती. तिच्यावर रागवायचं तरी कसं. आणि खरं सांगायचं तर असाबेच्या एका भीतीच्या आता दोन झाल्या होत्या. खार घातला तर पाणी चढेल. नाही घातला आणि आत्या म्हणते ते गार खरंच असलं तर? ती मध्येच उठून थोरलीचे तळवे गार आहेत का ते चाचपायची.

बाजाराच्या दिवशी ती गोणपाट घेऊन बसली. पोटासाठी बसणं भागच होतं. चवळीला, गुरांना खार गेला. मग एक तरुण पोरगा आला, तोंडभर हसू, नवा बाप झाल्याचं दुरून कळावं असं.

“खाला, बाळंतिणीसाठी द्या. तुम्ही लेकीसाठी मडक्यात ठेवलाय म्हणतात ना, तसला चांगला द्या.”

असाबेचा हात खड्यावर थांबला. मडकं. ते अजून खोलीच्या कोपऱ्यात होतं, पाझरत, थोरलीच्या उशापासून हातभर अंतरावर. तिने ते फेकलंच नव्हतं. आणि ती बाजारात असताना घरी थोरलीपाशी कोण बसलं होतं?

“तुझ्या बायकोला खार देऊ नको,” ती त्या पोराला म्हणाली. “मी नंतर येऊन सांगते का ते. पण देऊ नको.” गोणपाट तसंच टाकून ती निघाली, आधी भरभर, मग पळत. या वयाच्या बाईने बाजारातून पळणं तुडुन कुकात शोभत नाही, आणि लोक बघत होते.

अंगणात शिरली तर चुलीवर पातेलं, पातेल्यात बाजरीच्या पेजेचा वास, आणि त्या वासात खाराचा तो ओळखीचा तिखट, मातकट दर्प. उघड्या दारातून खोली दिसत होती. शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. मधोमध थोरली, आणि तिच्यासमोर कांडे आत्या, स्वतःच्या हाताने वाटी पुढे करून.

“पी, माझी बाय. आईला नको सांगू. तुझ्यासाठीच करतेय ना मी. आडवी पडून झोपायला लागलीस, आता यानं पूर्ण बरी होशील.”

थोरलीने वाटी हातात घेतली होती. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला भीती वाटतेय. पण वडीलधाऱ्या माणसाने पुढे केलेलं परत करायचं ती शिकली नव्हती. असाबेनेच तिला तसं वाढवलं होतं. वाटी ओठांकडे निघाली.

अंगण ओलांडायला वेळ नव्हता. “अगं” म्हणून कुणी थांबलं नसतं. त्या खोलीत सगळ्याच “अगं” होत्या.

“बिल्किसू,” असाबे म्हणाली. “वाटी खाली ठेव.”

आवाज फार मोठा नव्हता. पण खोलीत कुणी हललं नाही. उखळाशी कांडणारी पोरगी मुसळ वर धरून तशीच उभी राहिली. थोरलीचा हात हवेत थांबला. तिने आईकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, आणि दुसऱ्या क्षणी ओढणी तोंडावर ओढली. त्या गडबडीत वाटी कलंडली आणि पेज चटईवर पसरली.

कांडे आत्याला आधी काय झालं तेच कळेना. मग कळलं.

“लाज सोडलीस, असाबे,” ती हळूच म्हणाली.

“सोडली, आत्या.”

असाबे आत आली. तिने कोपऱ्यातलं मडकं उचललं, अंगणात नेलं आणि आडाच्या बाजूच्या चिखलात उलटं केलं. मग परत येऊन ती लेकीच्या पायाशी बसली, सगळ्या बायकांसमोर कापड बाजूला सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. थोरलीने आज पाय ओढून घेतला नाही. अंगठा उचलला तेव्हा एक लहानसा खळगा राहिला होता, आणि असाबे तो भरायची वाट बघत बसली.

“बिल्किसू,” तिने पुन्हा म्हटलं, या वेळी काही सांगायचं नव्हतं तरी.

ओढणीची कड थोडी वर झाली. मग थोरली म्हणाली, “हं, आई.”